तोंडी जबाब

नोटिशीत चार ओळी होत्या, पण त्याच्या डोळ्यांत घुसला तो एकच शब्द : तोंडी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता चौकशी अधिकाऱ्यांसमोर साक्षीदार म्हणून हजर राहावे, जबाब तोंडी घेतला जाईल. लॉन्ड्रीच्या शिपायानं कागद जाळीच्या खिडकीतून आत सरकवला, वहीवर सही घेतली आणि शीळ घालत तो निघून गेला. स्टोअरकीपर कागदाकडे बघत उभा राहिला. त्याच्या मागे मांडणीवर साबणाच्या पावडरीची पोती, स्टार्चचे खोके, निळीचे डबे, आणि खाली जमिनीवर ओळीनं लावलेले निळे कॅन. बावीस वर्षं तो याच खोलीत होता आणि या खोलीतल्या एकाही वस्तूनं त्याला कधी काही विचारलं नव्हतं. माल आला की वहीत चढवायचा, माल गेला की वहीतून उतरवायचा, आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याला चिठ्ठी लिहायची. वरच्या मजल्यावर शहरातल्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी अकरा मशिनांत घुसळत असायच्या आणि त्यांचा आवाज छतातून झिरपत खाली यायचा. त्या आवाजाचे त्याच्यावर मोठे उपकार होते. इतक्या आवाजात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

तो बोलताना अडायचा. अडायचा म्हणजे थोडासा नव्हे. शब्दाच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की दार आतून कुणीतरी दाबून धरावं तसे त्याचे ओठ मिटायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि समोरचा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागायचा. लॉन्ड्रीत त्याचं नाव ‘अर्धविराम’ पडलं होतं. नाव ठेवणारा इस्त्री खात्यातला होता आणि बऱ्यापैकी हुशार होता, हे त्यानंही मनातल्या मनात मान्य केलं होतं. लोकांना वाटतं, अशा माणसाला लांब शब्दांची भीती वाटत असेल. तसं नसतं. भीती उंबऱ्याची असते. एकदा आत शिरलं की तो धावायचा. लांब शब्द उलट दयाळू असतो, त्याला मध्ये मध्ये थांबायला जागा असतात.

हे त्याला आत्यानं शिकवलं होतं. आत्या टायपिस्ट होती. शनिवारी दुपारी ती कचेरीतलं काम घरी आणायची आणि तो तिच्या टेबलाखाली पाय हलवत बसायचा. ओळ संपत आली की यंत्राची घंटी वाजायची, आणि घंटी वाजल्यावर आत्याच्या हातात पाच-सात अक्षरांची जागा उरायची. तेवढ्यात तिला ठरवायचं असे : समोरचा शब्द मावेल का, नाही मावला तर कुठे मोडायचा. चुकीच्या ठिकाणी मोडला तर तिचे साहेब पूर्ण पान परत टाइप करायला लावत. म्हणून तिला शब्द दिसतच नसत, सांधे दिसत. त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात तिनं पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा ओढून दिल्या होत्या. रि । स्पॉन् । सि । बि । लि । टी. ‘लांब शब्द बघून गांगरायचं नाही,’ ती म्हणायची. ‘लांब शब्द म्हणजे लहानांची रांग. पुढे काय जोडलंय बघ, मागे काय जोडलंय बघ, मधे उरेल ते मूळ. मागचं शेपूट बहुतेक वेळा तेच तेच असतं, त्याची ओळख झाली की झालं. पण पुढे जोडलेलं असतं ना, ते लबाड. दीड अक्षराचं असतं आणि सगळ्या शब्दाची मान फिरवतं.’ मग ती ‘पॉसिबल’ला पुढून ‘इम्’ लावून दाखवायची आणि स्वतःच हसायची. आत्या त्याला बोलायला घाई करत नसे. ती टाइप करत राहायची, आणि त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दोन-तीन ओळी उरकलेल्या असत. जगात सगळ्यांना असं एकेक यंत्र दिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे फार वाटलं.

बाकीच्यांना यंत्र नव्हतं आणि वेळही नव्हता. चौथीत नव्या मास्तरांनी सगळ्यांना उभं करून वडिलांचा धंदा विचारला. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. तो उभा राहिला, ‘कं’पाशी पोचला आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. वर्ग हसायच्या बेतात होता. शेजारचा मुलगा भला होता, त्यानं ओरडून सांगितलं, ‘कंडक्टर, सर!’ आणि त्याची मान आपोआप हलली. सुंठीवाचून खोकला गेला. सर पुढच्या मुलाकडे वळले, तो खाली बसला आणि त्याच्या सगळ्या अंगातून एक गार, गोड सुटका वाहत गेली. ती सुटका त्याला अजून आठवते, जिभेवर चव आठवावी तशी. पुढे चार वर्षं शाळेत त्याचे वडील कंडक्टर होते. एकदा वडील फी भरायला आले तेव्हा मास्तरांनी आपुलकीनं विचारलं, हल्ली कोणत्या मार्गावर असता? वडिलांनी घरी येऊन ही गंमत आईला सांगितली आणि दोघं पोट धरून हसली. तोही हसला. पण त्या दिवशी वर्गात तो काय शिकला होता ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आपलं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलं की मान हलवायची. त्यानं काय पुरं केलं हा प्रश्न नंतरचा.

ही विद्या त्यानं पन्नाशी ओलांडेपर्यंत सांभाळली. न्हाव्याकडे मान हलवून त्यानं नको तेवढे केस कापून घेतले होते. एकदा चुकीच्या तिकिटावर मान हलवून तो चाळीस मैल भलतीकडे गेला होता आणि तिथे एका बाकावर बसून, डबा खाऊन परत आला होता. बायकोनं तर सव्वीस वर्षं त्याची वाक्यं इतक्या मायेनं पुरी केली होती की घरात त्याला वाक्याचा पहिला शब्दही लागत नसे, नुसता श्वास घेतला तरी ती पाण्याचा तांब्या पुढे करायची. या सगळ्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं, झालं असेल तर त्याचंच. स्वतःचं नुकसान करून घ्यायचा हक्क माणसाला असतो, असं तो धरून चालला होता.

चाळीस दिवसांपूर्वी जुन्या पुरवठादाराचा माल वेळेवर आला नाही, म्हणून मॅनेजरनं दुसरीकडून मागवला. कॅन तेच, निळे. झाकणही तेच. धुलाईच्या शेवटच्या पाण्यात घालायचं नेहमीचं ॲसिटिक ॲसिड अगदी पातळ असायचं, धुणारे लोक ते उघड्या हातानं मगानं ओतायचे, वास आंबट, व्हिनेगरचा. नव्या कॅनवर बारीक अक्षरांत लांबलचक शब्द छापला होता. त्यानं तो वहीत उतरवला आणि सवयीनं पेन्सिलीनं रेघा ओढल्या. पे । रॉक् । सि । ॲ । सि । टिक. सहा तुकडे. मागचे तीन नेहमीचेच होते, पुढचे तीन नवे, आणि लबाड काय ते पुढचंच असतं हे त्याला माहीत होतं. लेबलच्या कोपऱ्यात हाताचं आणि डोळ्याचं चित्र होतं. हातमोजे, चष्मा. वास मात्र तोच आंबट, थोडा अधिक नाकात जाणारा. त्यानं ठरवलं, धुलाई खात्याला चिठ्ठी लिहून पाठवायची, आणि चिठ्ठी लिहायला घेतली तेवढ्यात दुसरा ट्रक आला. चिठ्ठी अर्धी राहिली. हमालानं दोन कॅन वर नेले. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

फोनसारखा वैरी नाही. फोनवर माणसाला तुमचं तोंड दिसत नाही, मानेच्या शिरा दिसत नाहीत, नुसती शांतता ऐकू येते, आणि शांततेचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा. पलीकडे मास्तरीण होती. ती धुलाई खात्याची मुख्य. खरं म्हणजे शाळेचं तोंडही तिनं फारसं पाहिलं नव्हतं, पण ओरडायची अशी की सगळे तिला मास्तरीण म्हणत. ‘स्टोअरदादा, या कॅनवरचा कागद वेगळा दिसतोय. काय आहे यात?’ तिनं विचारलं. बरोबर विचारलं, वेळेवर विचारलं. त्याचे ओठ ‘पे’साठी मिटले ते उघडेनात. मशिनांचा आवाज रिसीव्हरमधून त्याच्या कानात घुसळत होता. तिच्या मागे एक मशिन थांबलं, भोंगा वाजू लागला, कुणीतरी तिला हाका मारत होतं. ती थांबली होती. हे त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं, की ती थांबली होती. त्या गडबडीत, ओल्या हातात फोन धरून, बरीच थांबली होती. मग ती म्हणाली, ‘ॲसिटिकच ना? नेहमीचंच?’ आणि त्याच्या तोंडाला दार सापडलं. तो म्हणाला, ‘हो.’

ती जुनी गार सुटका वाहिली. किती वेळ? फार तर सात-आठ पायऱ्या चढायला लागतो तेवढा वेळ. कारण रिसीव्हर ठेवताक्षणी त्याला कळलं होतं, आणि तो उठलाही होता, आणि जिन्याकडे धावलाही होता. जिना चव्वेचाळीस पायऱ्यांचा होता. विसाव्या पायरीवर त्याला वरून किंकाळी ऐकू आली.

लंबू नावाचा उंच धुलाईवाला होता, त्यानं नव्या कॅनमधलं ॲसिड मगानं उंचावरून ओतलं होतं. डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत पांढरी पडून सोलली आणि एका डोळ्यात थेंब उडाला. मास्तरणीनं त्याला मानेला धरून नळाखाली दाबलं आणि वीस मिनिटं सोडलं नाही, म्हणून डोळा राहिला. पण त्या डोळ्यानं त्याला आता वाफेतून बघितल्यासारखं दिसतं, असं तो इस्पितळात म्हणाला. त्या दुपारी मॅनेजर स्टोअरमध्ये आला. घामेजलेला होता, माल त्यानं मागवला होता आणि धुलाई खात्याला सांगायला तोही विसरला होता. ‘नक्की काय झालं?’ त्यानं विचारलं. स्टोअरकीपरला सांगायचं होतं, बाईंनी फोन करून विचारलं होतं. तो ‘बाईं’पर्यंत पोचला आणि पुढे अडला. मॅनेजर थोडा थांबला आणि म्हणाला, ‘बाईंनी विचारलंच नाही. असंच ना?’ आणि मान हलली. अर्ध्या तासानं टाइप केलेला कागद समोर आला. त्यानं तो वाचला. नीट वाचला, एकही ओळ सोडली नाही, आणि सही केली. इथे तो स्वतःला सूट देऊ शकत नव्हता. जीभ अडते, पेन कधी अडत नाही. पेन हातात होतं आणि त्यानं सही केली, कारण वयाच्या चोपन्नाव्या वर्षी नोकरी गेली तर दुसरी देण्यासाठी लोक मुलाखत घेतात. आणि मुलाखत तोंडी असते.

मास्तरणीला घरी बसवलं. तिनं सांगितलं, फोन केला होता, स्टोअरवाले हो म्हणाले. तिला कुणी खोटारडी म्हटलं नाही, सहीचा कागद दाखवला. चौकशीनंतर तिला काढणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. घरात तीच एकटी कमावती, म्हातारा बाप अंथरुणावर. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याला रोज अकरा वाजता खवखवायचं. फोन वाजो न वाजो, त्याचे ओठ आपसूक मिटायचे. पंधरा दिवसांनी न राहवून त्यानं पानभर लिहून काढलं, सगळं, पायऱ्यांसकट, आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. मॅनेजरनं वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. ‘आता हे कशाला? चौकशी होईल तेव्हा बघू,’ तो म्हणाला. आता चौकशी होती, आणि नोटिशीत लिहिलं होतं, तोंडी.

नोटीस आली त्या सोमवारी संध्याकाळी मास्तरीण आपले रबरी बूट आणि डबा न्यायला आली. लोक तिच्याशी बोलत नव्हते असं नाही, बोलत होते, पण चालता चालता. तो जाळीच्या खिडकीमागून बाहेर आला. खिशातून चिठ्ठी काढली. बावीस वर्षांत त्यानं तिला शेकडो चिठ्ठ्या दिल्या असतील. तिनं हात पुढे केला नाही.

‘चिठ्ठी नको मला,’ ती म्हणाली. ‘तुम्ही हो म्हणालात. मी ऐकलं या कानांनी.’

त्यानं मान हलवली. या वेळी मान बरोबर होती.

‘मान काय हलवता? मानेचं कुणी लिहून घेतं का?’ तिनं बूट काखेत मारले. ‘रोज रात्री मी आठवते. म्हणते, आपणच घाई केली का. आपणच म्हटलं, ॲसिटिक ना. तुम्ही काहीतरी सांगत होतात ना तेव्हा? मी थांबायला हवं होतं का?’

ती स्वतःचा दोष शोधत होती, आणि हे त्याला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या खाल्ल्या असत्या, पोटभर. तो बोलायला गेला. ‘नाही’ म्हणायचं होतं. ते येईपर्यंत ती फाटकाबाहेर पडली होती. त्यानं ते तिच्या पाठीला सांगितलं, पण सांगितलं. मग आत येऊन त्यानं दाराला कडी लावली, वही उघडली, आणि त्या दिवसाच्या पानावर बोट ठेवून सहाही तुकडे मोठ्यानं वाचले. पहिल्यांदा दीड मिनिट लागलं. त्यानं घड्याळ बघितलं आणि पुन्हा सुरुवात केली.

घरी बायको शिवत बसली होती. ती कपडे बेतायची तेव्हा ओठांत टाचण्या धरायची, पाच-सहा एका वेळी, आणि तशातही बोलायची, टाचण्यांच्या फटीतून. सव्वीस वर्षांत एकही टाचणी तिनं गिळली नव्हती याचा तिला अभिमान होता. तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि नोटीस पुढे केली. तिनं वाचली. तिचे डोळे लगेच भरले, कारण तिला सगळं कळलं. ती कळून घेण्यात पटाईतच होती.

‘मी येऊ बरोबर?’ तिनं टाचण्या काढून विचारलं. ‘मी सांगते त्यांना. मला सगळं माहीत आहे. तुम्ही नुसतं शेजारी बसा.’

त्यानं तिच्या हातातल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं आणि मग तिच्या तोंडाकडे. तिला आधी कळेना. मग ती हसली, जरा रागावलीही, आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरून गप्प बसली. तो सांगू लागला. फोनचं, चिठ्ठीचं, विसाव्या पायरीचं. तिला माहीत होतं ते तिला पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकायला मिळत होतं. मध्येच तो अडे आणि तिचे ओठ हलायचे, टाचण्या थरथरायच्या, शब्द तिच्या तोंडाशी येऊन उभा असायचा; ते बघून त्याला कळलं की थांबणं हे बोलण्यापेक्षाही कष्टाचं काम आहे आणि तो हे काम आयुष्यभर दुसऱ्यांकडून फुकट मागत आला आहे. मागत नव्हता, हेच खरं. मागायचा संकोच वाटून तो मान हलवत आला होता. लोक घाई करतात असं तो म्हणायचा. घाई त्यालाही असायची, सुटायची. तासाभरानं त्याचं सांगून संपलं. बायकोनं टाचण्या काढल्या. ओठांवर त्यांचे वळ उमटले होते.

‘नोकरी जाईल,’ ती म्हणाली.

‘जा... जाईल,’ तो म्हणाला.

‘जाऊ दे मग. माझं मशिन आहे.’ आणि थोड्या वेळानं, कापडावर खडूनं रेघ ओढत, ‘तुमचा आवाज चांगला आहे हो. विसरले होते मी.’

मंगळवार, बुधवार तो तालीम करत राहिला. आत्याची रीत एवढीच, की शब्दाला एका दमात भिडायचं नाही. ओठ घट्ट मिटायचे नाहीत, नुसते टेकवायचे. ‘पे’ झाला की काम झालं असं समजायचं, पुढचं कुणी मागितलेलंच नाही. मग ‘रॉक्’. मग पुन्हा नवं काम. मांडणीवरच्या पोत्यांना त्यानं हा शब्द इतक्यांदा ऐकवला की पोत्यांचाही जबाब घेतला असता तर ती बिनचूक बोलली असती. दीड मिनिटाचं पाऊण झालं, पाऊणचं दहा सेकंद. बुधवारी दुपारी मॅनेजर खाली आला. त्याला वाईट माणूस म्हणता येणार नाही. मुलीच्या लग्नाला स्टोअरकीपरला त्यानं पहिल्या रांगेत बसवलं होतं. तो कॅनवर टेकून उभा राहिला.

‘उद्याचं टेन्शन घेऊ नका. मी असणार आहे तिथे. तुमची अडचण मी साहेबांना आधीच सांगून ठेवलीय. तुमच्या वतीनं मीच बोलेन, तुम्ही फक्त हो म्हणा. पाच मिनिटांत मोकळे.’

मोकळे. हा शब्द त्याला फार ओळखीचा होता. चव तीच, गार आणि गोड. एक क्षण त्याचं मन खरंच तिकडे झुकलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. सवयीचा बैल आपल्या गोठ्याकडेच वळतो. त्यानं मॅनेजरच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, ‘मी बो... बोलणार.’

‘बोला की. नको कोण म्हणतंय?’ मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या खांद्यावर थोपटून वर गेला. जाताना मात्र त्याची पावलं जिन्यावर जरा सावकाश वाजली.

चौकशी हिशेबखात्याच्या शेजारच्या खोलीत होती. लांब टेबल, चार खुर्च्या, खिडकीला पडदा नव्हता म्हणून अधिकाऱ्यांनी खुर्ची वळवून घेतली होती. ते बाहेरचे वकील होते, साठीचे, सर्दी झालेले, दर दोन मिनिटांनी रुमाल काढणारे. स्वतःच लिहून घेत होते. भिंतीशी मास्तरीण बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, हात मांडीवर. धुलाईच्या वाफेत न दिसणारं तिचं वय इथे दिसत होतं. मॅनेजर टेबलाच्या कडेला.

‘यांना बोलायला जरा त्रास होतो, सर,’ मॅनेजर म्हणाला. ‘लेखी जबाब आहेच. तुमची परवानगी असेल तर मी...’

स्टोअरकीपरनं हात वर केला. पंजा उघडा, वाहन थांबवायला करतात तसा. त्याच्या आयुष्यात त्यानं कुणालाही असं थांबवलं नव्हतं, आणि मॅनेजर खरंच थांबला. त्याचं त्यालाच नवल वाटलं, की एवढं सोपं होतं.

‘मी सही केलेला जबाब ख... खरा नाही,’ तो म्हणाला. वाक्याला बराच वेळ लागला. अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि नवा कागद घेतला. त्यांनी विचारलं, कॅनमध्ये काय होतं? आणि तो शब्द आला. पे, रॉक्, सि, ॲ, सि, टिक, एकामागे एक, पायऱ्या उतरल्यासारखे, कुठेही न घसरता. अधिकाऱ्यांनाच तो दोनदा विचारावा लागला, लिहिताना. त्यानं दुसऱ्यांदाही सांगितला आणि पुढचं सांगितलं : मागचे तीन तुकडे नेहमीच्या मालाचे, पुढचे तीन म्हणजे वेगळा माल, जाळणारा. हे मला माहीत होतं. धुलाई खात्याला माहीत नव्हतं. बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं. शब्द अडत होते आणि सुटत होते. अडले की खोलीत शांतता पडत होती आणि तो त्या शांततेत उभा राहत होता, पळत नव्हता. मॅनेजरनं पाण्याचा घोट घेतला. सगळं मनात ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि त्याला एक प्रकारचा आनंदच वाटू लागला होता, इतक्या गंभीर जागी वाटू नये असा.

‘म्हणजे बाईंनी विचारलं, नेहमीचंच आहे का,’ अधिकारी लिहिता लिहिता म्हणाले. ‘आणि त्यांना हो कोण म्हणालं?’

साधा प्रश्न होता. याचं उत्तर त्यानं तालमीत घेतलंच नव्हतं, कारण ते एवढंसं होतं. एकच अक्षर. कालच तर मॅनेजरसमोर ते सहज आलं होतं, आत्ताही वाक्याच्या आरंभी येऊन गेलं होतं, पण तेव्हा त्याच्या पाठीमागे दुसरे शब्द होते, धक्का द्यायला. आता ते एकटं होतं आणि त्याच्यावर सगळं होतं : तो हात, तो डोळा, ही बाई. त्याचे ओठ मिटले. कुठे मोडावं हे तो शोधू लागला आणि मोडायला जागाच नव्हती. पुढे काही जोडलेलं नाही, मागे काही नाही. मान ताठ झाली. अधिकाऱ्यांनी वर बघितलं. खिडकीतून ऊन त्यांच्या कागदावर पडलं होतं. दहा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील.

‘कोणी हो म्हणालंच नाही,’ मॅनेजर हळूच, अगदी काळजीच्या सुरात म्हणाला. ‘फोन मध्येच तुटला. असंच ना?’

त्याची मान हलू लागली. त्याला ती हलताना कळली. पंचेचाळीस वर्षांची सवय, हनुवटी खाली जायला निघालीच होती. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि मान जागच्या जागी धरून ठेवली, पिसाळलेलं जनावर दाव्यानं ओढून धरावं तशी. मग त्यानं ती आडवी हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. नाही.

भिंतीशी मास्तरीण पुढे झुकली होती. तिचं तोंड उघडलं होतं. उत्तर तिला माहीत होतं, खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते तिनं सांगितलं असतं तर तिची नोकरी वाचायला तेवढंही कदाचित पुरलं असतं. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं. मग धुलाईच्या गरम पाण्यानं भाजलेला, चुण्या पडलेला आपला हात उचलून तिनं आपल्याच तोंडावर ठेवला आणि ती थांबून राहिली.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ‘होऊ द्या सावकाश,’ ते म्हणाले. ‘मला आज दुसरं काम नाही.’

वर एक मशिन थांबलं आणि दुसरं सुरू झालं. त्यानं ओठ सैल सोडले, नुसते टेकवले.

‘मी,’ तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न ते विचारणार एवढ्यात तो आपणहून पुढे बोलू लागला.